परतणी बाकी असलेला मांडव

तार बंद झाली त्या वर्षी परभणीतल्या एका पेपरचा बातमीदार माझ्या घरी आला होता. बसल्या बसल्या म्हणाला, काका, तारेची एखादी हृदयस्पर्शी आठवण सांगा, पण थोडक्यात सांगा, जागा कमी आहे. माझं डोकंच सटकलं. म्हटलं, बाबा रे, उभी नोकरी मी लोकांचं बोलणं थोडक्यातच बसवत आलो, आता निवृत्तीनंतर तरी ऐसपैस बोलू दे. बायकोनं त्याला चहा दिला, तो चहा पिऊन गेला, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात कुणाच्या तरी लग्नाच्या शुभेच्छांची तार छापून आली. छापू देत बापडे. माझी आठवण सुलाबाईची आहे आणि ती थोडक्यात बसत नाही.

मी बन्सीधर, मूळचा पाथरीचा. रेल्वेत लागलो आणि चुडाव्याच्या स्टेशनावर आलो. कागदावर हुद्दा असिस्टंट स्टेशन मास्तरचा, पण आसपासच्या खेड्यांना मी तारमास्तर. मीटरगेजची लाइन, दिवसाकाठी मोजक्या पॅसेंजर, बाकी वेळ मालगाडीची वाट बघत लिंबाखाली खुर्ची टाकून बसायचं. काय सुखाची नोकरी होती! आता परभणीत दिवसभर हॉर्न ऐकतो तेव्हा त्या लिंबाखालच्या खुर्चीसाठी जीव तुटतो. आत टेबलावर तारेची पितळी चावी असायची. ती दाबली की पूर्णा जंक्शनला खटखट उठायची आणि तिथून निरोप पुढं मुंबईपर्यंत जायचा.

गावकऱ्यांच्या तारा घ्यायचीही सोय आमच्याकडं होती. आणि गावकऱ्यांची तार म्हणजे मरणाचीच. लग्नाची, बाळंतपणाची तार आमच्या भागात कोण करणार? त्याला पोस्टकार्ड होतं की. त्यामुळं खिडकीशी धोतर किंवा लुगडं दिसलं की मी मान वर न करता कागद ओढायचो आणि विचारायचो, "कोण वारलं?" यात मला कधी वावगं वाटलं नाही. डॉक्टर नाही का विचारत, कुठं दुखतंय म्हणून.

सुलाबाईला मी पहिल्यांदा असंच विचारलं. बाहत्तरचा दुष्काळ होता. लाइनीपलीकडं खडी फोडायचं सरकारी काम चाललेलं, आणि ती तिथली मजूर. गावच्या बौद्धवाड्यातली, उंच, हाडापेरानं मजबूत बाई. नवरा आश्रुबा मनमाडला हमाली करायचा. त्या दिवशी तिच्यासोबत सरजाबाई होती, कामावरची जोडीदारीण. मी विचारलं तर सुलाबाईला शब्द फुटेना. सरजाबाईनं सांगितलं, लेकरू गेलं, तान्हं. खडीच्या ढिगाआड लुगड्याची झोळी बांधून त्यात निजवलं होतं. सावली म्हणून जी काय होती ती त्या झोळीचीच. दुपारी पाजायला गेली तर लेकरू हलेना. तारेत घालायला मी लेकराचं नाव विचारलं. तेव्हा सुलाबाई पहिल्यांदा बोलली.

"ठिवायचं व्हतं," म्हणाली.

मग मी नुसतं लिहिलं, मूल वारले, लगेच निघा. दुसऱ्या दिवशीच्या पॅसेंजरनं आश्रुबा उतरला. सुलाबाई फलाटावर उभी होती. त्यानं तिच्या हातातली रिकामी झोळी घेतली आणि पुढं चालू लागला. तो पुन्हा मनमाडला गेला नाही. तिच्यासोबत खडी फोडायला बसला. आणि सुलाबाईच्या मनात एक गोष्ट कायमची बसली, की चिठ्ठी टाकली तर माणूस येईल न येईल, पण तार केली की येतंच.

पुढं आमची ओळख वाढली. स्टेशनच्या नळावर ती पाण्याला यायची आणि घागर भरेपर्यंत मला बोलून घ्यायची. म्हणायची मास्तर, पण बोलायची धाकट्या भावाशी बोलावं तशी. माझे पाय काटक्या झालेत, माझी बायको माहेराहून कधी यायची, सिग्नलला तेल कामून घातलं न्हाई, तो करकरायलाय, असं काहीही. आवाज असा खडा, की ती लाइनीपलीकडून कुणाला हाक मारायची आणि इकडं फलाटावरचं माणूस ओ द्यायचं. कधी भाकर आणि अंबाडीची भाजी आणायची. आमच्या स्टेशन मास्तरांनी नाक मुरडलं. मी मात्र खायचो. ती अंबाडीची भाजी होती, नाही म्हणायला मी काय वेडा होतो? तशी भाजी पुन्हा कुणाच्या हातची मिळाली नाही, बायको ऐकत असली तरी हे मी सांगतो.

आता एकोणऐंशी सालाकडं येतो. रोजगार हमीचा कायदा नवा नवा लागू झाला होता, मागेल त्याला काम. आमच्या स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर पाझर तलावाचं काम निघालं. चार गावच्या बाया माती टाकायला यायच्या. सुलाबाई होतीच, आणि तिच्या थोरल्या लेकाची बायको कमल होती. कमलच्या मांडीवर तान्ही पोर. सुलाबाईची पहिली नात.

त्या पोरीला रोज सकाळी पाटीत घालून कामावर आणायचे. घरी ठेवावी तर पाजणार कोण? तलावाच्या जागी झाड म्हणून औषधाला नव्हतं. आणखी बऱ्याच बायांची लेकरं होती, मातीच्या ढिगांच्या आडोशाला निजवलेली. माघ महिना होता तोवर चाललं. पण सुलाबाई दर थोड्या वेळानं हातातली पाटी टाकून नातीकडं पळायची, नाकाशी बोट धरून बघायची, मग माघारी यायची. मुकादम ओरडायचा. ती ऐकायची नाही. मला एकदा नळावर म्हणाली, "मास्तर, चैत लागला की ही पोरगी माझ्या हाताची जाती बगा." मी काहीतरी समजूत घातली. तिला ती पटली नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

कामावर ओव्हरसियर होते दिनकरराव. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. सुलाबाईनं त्यांच्याकडं सावलीचा इंतजाम मागितला. नियमात पाणी, सावली, लेकरं सांभाळायला एक बाई असं सगळं होतं, हे दिनकररावांनाही माहीत होतं. पण त्यांनी हातातला कागद उलटापालटा केला आणि म्हणाले, बाई, इस्टिमेटात सावली नाही. झालं! ते वाक्य कामावर पसरलं. भाकरीत मीठ कमी पडलं तरी बाया म्हणायच्या, इस्टिमेटात न्हाई.

रथसप्तमीच्या सुमारास त्या भागाचे आमदार कामावर येऊन गेले होते. बायांनी त्यांनाही गराडा घातला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, येत्या अधिवेशनात मी यावर तारांकित प्रश्न टाकतो. जीप धुरळा उडवत निघून गेली. शिमगा आला, ऊन तापलं, अधिवेशन सुरू झाल्याचं पेपरात आलं, पण सावलीचं नाव नाही.

सुलाबाई त्या शब्दाच्या मागं लागली. तारांकित म्हंजे काय? जो भेटेल त्याला विचारायची. शाळेचे भगवानराव गुरुजी म्हणाले, ज्या प्रश्नाला मंत्र्यानं उभं राहून उत्तर द्यायचं असतं त्याच्यापुढं चांदणीची खूण काढतात, तो तारांकित. तारा म्हणजे चांदणी. सुलाबाई तिथून थेट माझ्या खिडकीशी आली, संतापलेली. म्हणाली, गुर्जीचं डोकं फिरलंय, आमी दिवसाउजेडी उन्हात भाजायलोत अन् हे म्हणतेत मुंबईला चांदण्या काढायलेत. मग तिनं स्वतःचा अर्थ सांगितला. तारांकित म्हणजे तारेनं गेलेला प्रश्न. आमदारसाहेब मोठा माणूस, हजार कामं, तार करायची विसरून गेले असतील. तार नाही तर प्रश्न नाही. सरळ हिशेब होता.

"तवा आपुनच करून टाकू," ती म्हणाली.

सोबत सरजाबाई आणि कमल. कमलच्या खांद्याला ती पोर, उन्हानं लालबुंद झालेली. मी सवयीनं मान खाली घालून कागद ओढला आणि तोंडातून निघून गेलं, "कोण वारलं?"

"आजून कोनी न्हाई," सुलाबाई म्हणाली. "म्हनून तर करायलोत."

 तेवढ्या वर्षांत कुणी मला असं उत्तर दिलं नव्हतं. गुरुजींचं बरोबर आहे, तुमचं चुकलंय, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. ते मिटलं. म्हटलं, सांगा, काय लिहू? पत्ता तिनं पक्का केला होता, आमदारसाहेब, विधानसभा, मुंबई. मजकूर मात्र ती सांगू लागली तो थेट बाहत्तर सालापासून. मी म्हटलं, सुलाबाई, ही तार आहे, थोडक्यात बसवावं लागतं.  तिनं पोरीकडं बघितलं, उन्हाकडं बघितलं, आणि म्हणाली, "लिवा. कोनी मेलं न्हाई. सावली द्या."

तारा इंग्रजीत जायच्या. मी भाषांतर करायला घेतलं तर ती अडून बसली. तिचेच शब्द गेले पाहिजेत. नाहीतर मुंबईत पोचेस्तोवर त्याचं काय व्हायचं कोण जाणे, म्हणाली. मग मी तिचेच शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिले आणि तसेच पाठवले. चावीची खटखट थांबेपर्यंत तिघी खिडकीशी उभ्या होत्या. पूर्णेच्या तारवाल्यानं उलट विचारलं, हा काय प्रकार आहे? मी त्याला म्हटलं, जसं आहे तसं पुढं ढकल.

मग दिवस जात राहिले. सुलाबाई रोज दुपारच्या गाडीच्या वेळी लाइनीकडं बघायची. तिच्या हिशेबानं आमदारसाहेब दुसऱ्या दिवशीच्या पॅसेंजरनं उतरायला हवे होते. ते काही आले नाहीत. पण तार मात्र पोचली होती. महिन्याभरानं पेपरात बातमी आली आणि मी लाइन ओलांडून कामावर गेलो. बाया भाकरी खात होत्या. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. आमदारांनी प्रश्न विचारला होता, रोजगार हमीच्या या कामावर सावलीअभावी लहान मुलांच्या जिवाला धोका निर्माण झाला आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? मंत्र्यांचं उत्तर होतं, सदर कामावर एकही बालक मृत झालेले नाही, सबब प्रश्न उद्भवत नाही.

बायांना काही कळलं नाही. सुलाबाईनं विचारलं, उद्भवत न्हाई म्हंजे? मी म्हटलं, म्हणजे प्रश्न निघतच नाही. उगवतच नाही म्हणा.

"पानी न्हाई, सावली न्हाई," ती म्हणाली, "कसा उगवंल?"

बाया हसल्या. ती हसली नाही. कोनी मेलं न्हाई हे आपल्याच तारेतलं बोलणं त्यांनी आपल्यालाच परत दिलं, हे तिच्या ध्यानात आलं होतं. भाकर तशीच फडक्यात बांधून ती उठली, नातीजवळ जाऊन बसली, आणि त्या दिवशी पुन्हा पाटीला हात लावला नाही. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. पेपर वाचून दाखवायला उगाच गेलो असं झालं.

पण बातमी तिथं संपत नव्हती, खाली आणखी चार ओळी होत्या, त्या वाचायच्या राहिल्या होत्या. मंत्र्यांचं उत्तर झाल्यावर आमदार उठले होते आणि त्यांनी ती तार जशीच्या तशी सभागृहात वाचून दाखवली होती. आधी हशा झाला, असं लिहिलं होतं, मग शांतता पसरली. आणि शेवटी असं ठरलं, की विधिमंडळाची एक समिती पुढच्या महिन्यात मराठवाड्यातली कामं बघायला जाणारच आहे, तिनं हेही काम बघून यावं. मी दुसऱ्या दिवशी जाऊन तेवढं सांगितलं. सुलाबाईनं एकच विचारलं, म्हणजे माणूस येणार? म्हटलं, येणार. "मग तारंनं काम केलं," ती म्हणाली आणि पाटी उचलली.

समिती येणार म्हटल्यावर दिनकररावांच्या तोंडचं पाणी पळालं. आदल्या दिवशी बैलगाडीतून बांबू, दोऱ्या, कापडं आली. लग्नाच्या मांडवाचा धंदा करणारे तात्याराव आले आणि दिवस मावळायच्या आत तलावाच्या काठावर असा मांडव उभा केला, की त्या माळावर तसं काही कुणी बघितलं नव्हतं. लाल-पिवळं छत, कडेनं झालर. आत रांजण, पाळण्याला दोऱ्या, आणि लेकरं सांभाळायला बौद्धवाड्यातलीच म्हातारी कडूबाई, जिला माती टाकणं होत नव्हतं म्हणून मुकादमानं कामावरून परत पाठवलं होतं. घाईत एकच राहिलं. प्रवेशाच्या वर तात्यारावांच्या नेहमीच्या कापडावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, शुभविवाह. दिनकररावांच्या ते लक्षात आलं तेव्हा समितीच्या जीपगाड्यांचा धुरळा दिसू लागला होता.

मलाही बोलावणं आलं होतं. तार ज्यानं पाठवली त्याला घेऊन या, असा निरोप.  रेल्वेचा नोकर, विधानसभेला असली तार पाठवतो म्हणजे काय! कोट चढवून गेलो आणि बायांच्या मागं उभा राहिलो.

समितीचे अध्यक्ष धोतरातले, दांडगे, वयस्क गृहस्थ. पिढीजात शेतकरी असावेत, मातीचं ढेकूळ उचलून बोटांनी फोडून बघत होते. त्यांनी वर बघितलं, शुभविवाह वाचलं, आणि हसू दाबत विचारलं, लग्न कुणाचं आहे? दिनकरराव घामाघूम. जिल्ह्याचे साहेब दिनकररावांकडं बघायला लागले. तेवढ्यात सुलाबाई पुढं झाली. पदर सारखा केला, जय भीम केला, आणि म्हणाली, लग्न आमच्या लेकरांचं अन् सरकारचं हाय, तुमी वऱ्हाडी, या, बसा.

सगळे हसले. अध्यक्ष आत आले, पाणी पिले, पाळण्यातल्या पोरीच्या गालाला बोट लावलं. मग त्यांनी सरळच विचारलं, हा मांडव कधीपासून आहे?  मुकादम बायांकडं डोळे वटारून बघत होता. मला वाटलं, आता ही सांगणार, कालपासून, आणि दिनकररावांची नोकरी जाणार. सुलाबाईनं क्षणभर दिनकररावांकडं बघितलं.

"सायेब, मांडव कवा घातला ते इचारू नका," ती म्हणाली. "कवा उतरवायचा ते सांगा."

अध्यक्ष म्हणाले, लग्न लागलं की उतरवायचा.

"न्हाई. आमी धम्म घेतला तवापास्नं लय रीती सोडल्या, पर परतणी न्हाई सोडली. लेक माघारी आल्याबिगर मांडव उतरत न्हाई. तुमी आज येऊन जायलात. तुमी परत येस्तवर ह्यो मांडव न्हाईच उतरवायचा. उतरवला तर तुमालाच अपशकुन."

मांडवपरतणीची रीत आमच्याकडं घरोघर. नवरी सासरहून माघारी येते, मग मांडवाचे बांबू सुटतात. अध्यक्षांनाही ती माहीत असणार, कारण ते हसायचे थांबले.  त्यांना सगळं कळलं होतं, मांडव कालचा आहे हेही, उद्या तो जाणार होता हेही. मग जिल्ह्याच्या साहेबांकडं वळून म्हणाले, लिहून घ्या. समिती या कामाला पुन्हा भेट देईल. तोपर्यंत मांडव, पाणी आणि ही कडूबाई, यातलं काही हलवायचं नाही. जाताना माझ्याकडंही आले.  म्हणाले, तारमास्तर, तुम्ही त्यांचे शब्द बदलले नाहीत, बरं केलं. एवढंच. जीप गेली आणि मी कोट काढून हातावर घेतला.

तात्यारावांनी मात्र डोक्याला हात लावला. ऐन लगीनसराई आणि मांडव सरकारच्या ताब्यात! ते रडकुंडीला आले. शेवटी सुलाबाईनंच तोड काढली. छत आणि झालर त्यांनी घेऊन जावी, बांबू राहू द्यावेत. बांबूंवर बायांनी तुराट्या पसरल्या, वर लिंबाचे डहाळे टाकले. सावली आधीपेक्षा थंड पडली. शुभविवाहचं कापड मात्र सुलाबाईनं दिलं नाही, तात्यारावांनीही फार ओढाताण केली नाही.

पहिले दोन दिवस वरच्या जातींतल्या बाया आपली लेकरं कडूबाईच्या हाती देईनात. तिची जात आडवी येत होती, स्पष्टच सांगतो. तिसऱ्या दिवशी ऊन असं पेटलं की सरजाबाईची पुतणी, तीही त्यांच्यातलीच, न बोलता आली आणि लेकरू कडूबाईच्या मांडीवर ठेवून गेली. मग एकेक करत सगळ्या. दुपारी मी स्टेशनावरून बघायचो, तर त्या डहाळ्यांखाली ओळीनं पोरं झोपलेली, आणि मधे कडूबाई पंखा हलवत काहीतरी गुणगुणत बसलेली. सुलाबाई आता पाटी टाकून पळत नव्हती. नुसतं लांबून बघायची.

दिनकरराव दर आठवड्याला विचारायचे, काय करायचं या मांडवाचं? आणि बाया एका सुरात म्हणायच्या, परतणी बाकी हाय. ते वाक्य पार झरी गावापर्यंत गेलं म्हणे. तिकडच्या कामावरच्या बायांनी समिती न येताच परतणी मागायला सुरुवात केली. समिती काही परत आली नाही. कोण येतंय परत! अध्यक्ष तरी येणार होते असं मला वाटत नाही. पण मांडव उतरू नये एवढ्यासाठीच ते तसं बोलले, असं मला आजही वाटतं, आणि त्या माणसाविषयी मला प्रेम वाटतं.

मृग तोंडावर आला आणि काम थांबलं. बाया आपापल्या शेतांकडं, मजुरीकडं वळल्या. त्या संध्याकाळी सुलाबाई खिडकीशी आली. या वेळी एकटीच, कडेवर नात. पोर आता बसायला लागली होती. खिडकीच्या गजाला धरून माझ्या टोपीकडं हात करत होती. मी कागद ओढला आणि जीभ आवरली. विचारलं नाही. तसा मी शहाणा झालो होतो.

सुलाबाईनं नातीचा हात गजावरून सोडवला. मग म्हणाली, "इचारा की मास्तर."

"काय विचारू?"

"रोज इचारता ते."

 मी विचारलं, "कोण वारलं?"

"कोनी न्हाई," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. सात वर्षांपूर्वी ती या खिडकीशी रडली नव्हती. मी उठून बाहेर गेलो, नळाचं पाणी आणून दिलं. नात तिच्या डोळ्यांतलं पाणी बोटानं पुसून चाखून बघत होती. थोड्या वेळानं सुलाबाईनं डोळे कोरडे केले आणि मजकूर सांगितला. समितीच्या अध्यक्षांना पाठवायचा होता. तिच्या मते परतणीचं वचन त्या माणसाच्या डोक्यावर राहिलं होतं, ते उतरवणं आपलं काम. मी तिचेच शब्द लिहिले. काम सरलं. पोरं समदी हायेत. मांडव उतरवायलोत. परतणी माफ.

मी चावी दाबली. सगळी तार गेली, आणि पूर्णेकडून उलट खटखट आली. तिथला तारवाला विचारत होता, मजकुरात चूक झालेली दिसते, मयताचं नाव राहिलंय, पुन्हा पाठवा. मी सुलाबाईला ते वाचून दाखवलं. ती नातीला दुसऱ्या कडेवर घेत म्हणाली, पाठवा की परत.

मी पुन्हा पाठवलं. पोरं समदी हायेत.